सात नंबर

बोडीच्या पाळीखाली ग्रामपंचायतीची अठरा गुंठे जागा,
तिचे बावीस तुकडे, बावीस बाया,
आणि एक वही, जी माझ्याकडे असते
कारण माझं अक्षर बरं आहे म्हणतात.

नियम पहिल्या पानावर.
पाण्याची पाळी चुकवायची नाही.
बकरी आत शिरली तर जिची बकरी तिला दंड, वीस रुपये.
तीन महिने तुकडा पडीक राहिला
तर यादीतल्या पुढच्या बाईला द्यायचा.
हा शेवटचा मीच सुचवला होता,
टाळ्या पडल्या होत्या.

सात नंबर गुंफा वाढईचा.
पोळ्याला तिथं गुडघाभर तरोटा,
दसऱ्यापर्यंत गाजरगवत कमरेला लागलं.
पांढरी फुलं, बारीक, दिसायला वाईट नाहीत.
पण वारा सुटला की आठ नंबरची भागरता
नाकाला पदर लावून माझ्या दारात.
"सचिवबाई, माह्या मेथीत तिचं बी पडून राह्यलं.
उंदरं झाले तिथं, उद्या साप येईन.
वही काढा न आता. कोणाची वाट पाहता?"

गुंफा आधी सासूला घेऊन ब्रम्हपुरीला, दवाखान्यात.
मग धानकापणी संपली तशी
मिरची तोडायला गेली, खम्मम की वरंगल तिकडं.
फोन लावला तर एक बाई
तेलुगूत काहीतरी समजावून सांगते, न रागावता.

समाजमंदिरात बैठक झाली.
अकरा जणी म्हणाल्या द्या. चौघी गप्प.
बाकीच्यांना घरी चूल होती.
यादीत पहिली रेशीम, वर्षाभराची सून,
विळ्याला धार लावूनच आलेली.
मी वहीत लिहिलं: क्रमांक सात, पडीक.
सोपा शब्द. एकच वेलांटी लागते.

सफाई सोमवारी ठरली.
रविवारी उन्हं उतरल्यावर मी एकटीच गेले,
कुठून हात घालायचा ते बघायला.

आता हे सांगायला पाहिजे
की सहा नंबर माझा आहे,
की आमच्या मधे तुराट्यांचं कुंपण आहे,
आणि कार्तिकापासून त्या कुंपणावरच्या
वालाच्या शेंगा मी तोडते आहे,
जांभळ्या काठाच्या.
वांग्यात टाकते. एक वाटी भागरतालाही दिली होती,
बोटं चाटली तिनं.
मुळं कुठं आहेत ते कधी वाकून बघितलं नाही.

गवत सहज उपटत गेलं, ओल होती.
वेलाचं बूड अंगठ्याएवढं,
गुंफाच्या मातीत.
भोवती आळं, आळ्यात चुलीची राख,
आणि एक बांबूची कमची,
माझ्या कुंपणाकडं वाकवून
जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेली.

वाकवून.

सांगून गेली नाही. आली असेल, मी घरी नसेन.
किंवा एवढ्याशाचं काय सांगायचं, असं.

मी तिथंच बसले आणि हिशोब केला, सवय.
आठवड्याला अर्धा किलो, नऊ आठवडे, बाजारभाव.
आकडा आला.
कोणत्या पानावर लिहायचा ते कळेना.

सोमवारी विळे चालले.
निघालं ते असं: उंदरांची दोन बिळं,
एका लेकराची चप्पल, डाव्या पायाची,
आणि भागरताचं हरवलेलं खुरपं,
ज्याच्यासाठी तिनं गुराख्याच्या पोराला
अख्खा पावसाळा शिव्या घातल्या होत्या.
तिनं ते पदराआड केलं. साप निघाला नाही.

मी म्हटलं, "अर्धा रेशीमला.
कुंपणाकडचा अर्धा राहू द्या होळीपर्यंत."
"कावून?"
"नियमात बसते."
नियमात बसत नाही. पण वही माझ्याकडे असते.

वेलावरच्या शेवटच्या शेंगा मी तोडलेल्या नाहीत.
वाळल्यात. वाऱ्यानं आत वाजतात.
रेशीमनं तिच्या अर्ध्यात सांबार पेरला, ओळी सरळ.
आज सकाळी तिनं विचारलं,
"काकू, ह्या शेंगा कोणाच्या?"

मी पाण्याची पाळी बघायला
बोडीकडं निघून गेले.